तबकडीचा डाय

१६ जून २०२५, सोमवार

सकाळपासून दोनदा लाइट गेली. इतर गाळ्यांत लाइट गेली की माणसं चहाला जातात, आमच्याकडे पळापळ होते. भांड्यांच्या बॅकेलाइट मुठींचा डाय थंडावला की आतला अर्धाकच्चा माल दगड होऊन बसतो. मग पितळेची पट्टी घेऊन तो खरवडत बसायचं. लोखंडी पट्टी चालत नाही. डायला एक ओरखडा पडला तर तो पुढच्या हजार मुठींवर उमटतो. मिस्त्रींनी दुपारपर्यंत तेच केलं.

त्यात ही पावसाळी हवा. पावडरीने ओल धरली की मुठीवर फोड येतात. पिंप उघडं टाकलं म्हणून नव्या पोराला सकाळीच दोन शब्द सुनवावे लागले. भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी दाबणारे, त्यांना पॉलिश मारणारे, त्यांच्या मुठी करणारे, त्या मुठींचे स्क्रू विकणारे सगळे गोडदेव-नवघरच्या गल्ल्यांतच सापडतात. एकाचं काम अडलं की पुढच्या सगळ्यांचे फोन सुरू. आज संध्याकाळपर्यंत फोनच घेत होते.

१७ जून, मंगळवार

मागच्या इमारतीत तळमजल्याला गाण्याबजावण्याची एक प्रॅक्टिस रूम आहे. भिंतींना फोम लावलाय, तरी ड्रम आमच्या जिन्यात ऐकू येतो. तिथला एक मुलगा, मिरा रोडचा, आज थेट प्रेसपाशी येऊन उभा राहिला. स्वतःची मराठी गाणी केलीत, अल्बम तयार आहे, आणि त्याला तो रेकॉर्डवर हवाय. काळ्या, बारा इंची रेकॉर्डवर. "काकू, तुमच्याकडे प्रेस आहेच. शंभर दाबून द्या ना."

मिस्त्री हसले. मला प्रश्न आवडला. रेकॉर्डवाले जमले की जुन्या आवाजाच्या गोडव्याबद्दल बोलतात, कुठली दुर्मीळ तबकडी कुणाकडे आहे ते बोलतात. ती कोणत्या प्रेसवर, किती टनाखाली निघाली हे विचारणारा मला अजून भेटलेला नाही. या पोराने निदान प्रेसकडे बोट दाखवलं. तबकडी म्हणजे आधी एक मोल्डिंग आहे. गाणं त्याच्यानंतर.

पण माझ्या प्रेसवर ती निघणार नाही, आणि का निघणार नाही हे त्याला दाखवायला वेळ लागला नाही. आमचा डाय सकाळी तापवला की रात्रीपर्यंत तापलेलाच. बॅकेलाइटचं वागणंच तसं: उष्णतेने ते एकदा कडक झालं की झालं, पुन्हा वितळत नाही. म्हणून गरम डायमधून गरम मूठ काढली तरी ती आकार सोडत नाही. रेकॉर्डचं प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी. ते तापलं की मऊ आणि निवलं की कडक, कितीही वेळा. गरम असताना डाय उघडला तर तबकडी ओल्या पापडासारखी हातात लोंबेल. म्हणजे डाय आधी तापवायचा, दाबायचं, आणि दाब तसाच ठेवून डाय थंड करायचा; मग उघडायचं. पुढच्या नगासाठी पुन्हा तापवायचा. हे सगळं साधारण अर्ध्या मिनिटात.

म्हणून रेकॉर्डच्या प्रेसला डायच्या पोटात नळ्यांचं जाळं असतं. त्यातून आधी वाफ सोडतात, लगेच मागोमाग गार पाणी. दाब शंभर टनांच्या वर. त्याला बॉयलर लागतो. बॉयलर आला की नोंदणी आली, तपासणी आली, परवानाधारक बॉयलर अटेंडंट आला. आमच्या इस्टेटीत दुसऱ्या मजल्यावर बॉयलर चढवते म्हटलं तर सोसायटीची सभा त्याच रात्री भरेल.

मुलगा हिरमुसला, पण गेला नाही. प्रेसकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "मग आधीचं तरी सांगा. डाय कसा करतात?"

हे मलाही नीट माहीत नव्हतं. माहीत करून घेईन म्हटलं.

१९ जून, गुरुवार

खालच्या मजल्यावर आमचा डायमेकर आहे. त्याच्याकडे टूलमेकरचा मायक्रोस्कोप आहे. एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजता येतं. मी घरून सासऱ्यांच्या पेटीतली एक एलपी नेली: 'कॉल ऑफ द व्हॅली', १९६७. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. ही रेकॉर्ड ज्यांनी तडीस नेली ते एचएमव्हीचे जी. एन. जोशी आपल्या नागपूरचे वकील, स्वतः भावगीतं गाणारे. सासरे ही रेकॉर्ड पांढऱ्या मलमलीत गुंडाळून ठेवत.

तबकडी काचेखाली धरली आणि डायमेकर एकदम गप्प झाला. उघड्या डोळ्यांना जी गुळगुळीत काळी चकाकी दिसते ती तिथे नांगरलेलं शेत होऊन आली. एकेक सरी इंग्रजी व्ही अक्षरासारखी, दोन उतरत्या भिंती. वरची रुंदी आम्ही मोजली: मिलिमीटरच्या पाच-सहा शतांश. खात्री म्हणून मिस्त्रींचा एक केस उपटून शेजारी ठेवला. केस सरीपेक्षा जाड निघाला.

मग सुई जिथून फिरते तो भाग हळूहळू सरकवत पाहिला. काही ठिकाणी सरीच्या कडा बारीक आणि टोकदार थरथरत होत्या, पुढे काही वेळ ऐसपैस, गोल वळणं. तारेवर पडणारा ठोका आणि फुंकरीचा स्वर, दोघांची अक्षरं वेगळी. कुठली खूण कोणाची हे काचेखाली छातीठोक सांगता येणार नाही, पण आवाजाला आकार असतो हे मी प्रथम डोळ्यांनी पाहिलं. शिवाय दोन्ही भिंती एकसारख्या हलत नव्हत्या. डावी भिंत डाव्या स्पीकरची, उजवी उजव्याची. सुई दोन्ही उतारांवर टेकून एकाच वेळी दोन निरोप घेते. ही युक्ती ॲलन ब्लुमलाइन या इंग्रज इंजिनिअरने १९३१ साली पेटंटात मांडली होती. बाजारात स्टिरिओ रेकॉर्ड यायला मात्र १९५८ उजाडलं.

डायमेकरला संगीतात काडीचा रस नाही. तो म्हणाला, "ड्राफ्ट मस्त दिलाय." त्याचं बरोबर होतं. डायमधून माल सहज सुटावा म्हणून भिंतींना उतार द्यावा लागतो. आम्ही मुठीला एखाद-दुसरा अंश देतो आणि तरी माल अडकतो. इथे दोन्ही भिंती पंचेचाळीस अंशांत. अशा उतारामुळेच इतकी बारीक नक्षी न फाटता प्रेसमधून बाहेर येते.

घरी आल्यावर हिशेब केला. एका बाजूला बावीस मिनिटं धरली, मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे, तर सातशेच्या वर फेरे होतात. ही एकच सरी उलगडून सरळ केली तर पावणेपाचशे मीटरच्या आसपास भरेल.

डायमेकरने शेवटी विचारलेलं डोक्यातून जात नाही: "पण बाई, एवढं बारीक पोलादात कापलं कोणी?"

२० जून, शुक्रवार

पोलादात कोणी कापतच नाही. दिवसभर माल पाठवण्याच्या गडबडीत जमेल तसं वाचलं, आणि रात्री मुलाला फोन करून सांगितलं.

अॅल्युमिनियमची सपाट थाळी घेतात, तिच्यावर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा थर. नखाने ओरखडा उठेल इतका तो मऊ. ही थाळी लेथवर फिरते. आपल्या टर्नरचा लेथ नव्हे, पण भावकीतलाच. जर्मनीच्या नॉयमन कंपनीचे जुने लेथ आजही जगभर याच कामाला जुंपलेले आहेत. त्याच्या डोक्यात माणिक किंवा नीलमाची टोकदार सुई, तिच्याभोवती तार गुंडाळून ती गरम ठेवलेली, म्हणजे काप गुळगुळीत येतो. गाणं वाजतं तशी सुई थरथरते आणि सरी कापत जाते. कापातून निघणारा लॅकरचा धागा शेजारची नळी ओढून घेते. तो नीट ओढला गेला नाही आणि सुईत गुंतला तर ती बाजू गेली, नवी थाळी लावायची. शिवाय लॅकर भयंकर पेट घेतं, तेव्हा तो कचरा सांभाळणं हीसुद्धा एक नोकरीच.

कापणाऱ्याची करामत अशी की शेजारशेजारच्या सऱ्या एकमेकींत घुसता कामा नयेत. गाणं चढलं की सरी जास्त झोका घेते, मग तिला जागा जास्त द्यायची; हळू झालं की जागा आवरती घ्यायची. पुढे काय येणार हे लेथला एक फेरा आधी कळावं लागतं. म्हणून टेपच्या काळात खास मशीन असे: एक हेड आवाज आधी ऐकून लेथला खबर देई, आणि थोड्या अंतरावरचं दुसरं हेड तोच आवाज सुईला पुरवी.

खर्ज ही सगळ्यात मोठी डोकेदुखी. खर्जाचा झोका रुंद. म्हणून कापताना खर्ज दाबतात आणि तार सप्तक फुगवतात. ऐकताना ॲम्प्लिफायर नेमकं उलटं करतो. दाबायचं किती, फुगवायचं किती, याचं माप अमेरिकेत १९५४ मध्ये ठरलं आणि पुढे जगाने तेच धरलं. त्याआधी प्रत्येक कंपनीचं माप निराळं.

आणखी एक कळलं आणि धंदेवाईक म्हणून अंगावर काटा आला. या लॅकरच्या थाळ्या जगात दोनच ठिकाणी बनत होत्या: कॅलिफोर्नियातली अपोलो मास्टर्स आणि जपानमधली एमडीसी. फेब्रुवारी २०२० मध्ये अपोलोचा कारखाना जळून खाक झाला. साऱ्या जगाच्या तबकड्यांचा पहिला टप्पा एका जपानी कारखान्याच्या खांद्यावर आला. तांब्यावर थेट कापायची टेल्डेक कंपनीची पद्धत आहे, पण तिचे लेथ मोजकेच. आमच्याकडे एका पुरवठादाराचा टेम्पो दोन दिवस आला नाही तर मी बेचैन होते.

२१ जून, शनिवार

आज प्लेटिंगवाल्या भाईंकडे गेले. इमिटेशन दागिन्यांना निकेल आणि वर सोन्याचं पाणी चढवतात. त्यांच्या गाळ्यात जमीन कायम ओली, डोळ्यांना चुरचुर, आणि हिरव्या पाण्याच्या टाक्यांतून बांगड्यांचे झुबके लोंबत असतात. पोरगाही बरोबर होता.

मी सांगितलं: लॅकरची थाळी आहे, तिच्यातून वीज जात नाही, तिच्यावर निकेल चढवायचंय. भाई म्हणाले, प्लास्टिकच्या बटणांना चढवतो तसंच. आधी धुवायचं, टिनच्या क्षाराचं पाणी फिरवायचं, मग चांदी. रेकॉर्डवाले सिल्व्हर नायट्रेट फवारतात, थाळी आरसा होते. मग टाकीत. इथपर्यंत भाई मान डोलवत होते.

जाडी सांगितली आणि मान थांबली. बांगडीवर निकेल चढतं ते काही मायक्रॉन. इथे पाव मिलिमीटर, म्हणजे अडीचशे मायक्रॉन. थाळी टाकीत कित्येक तास फिरत ठेवायची, करंट आधी हळू आणि मग चढता, नाहीतर पत्रा ताणला जाऊन वाकतो. आणि एवढं चढवून झाल्यावर तो निकेल सोलून काढायचा.

"भाभी, निकल छूटा तो पार्टी हमारा पैसा काटती है," भाई म्हणाले. "इधर छुड़ाने का पैसा?"

खरंच, सगळा धंदाच त्या सुटण्यावर आहे. लॅकरवरून सोललेला पहिला निकेलचा पत्रा म्हणजे फादर. त्याच्यावर सऱ्या उलट्या: जिथे खाच होती तिथे कंगोरा. लॅकर या सोलण्यात बहुधा निकामी होतं. मग फादर डायक्रोमेटच्या पाण्यात बुडवून काढतात, म्हणजे पुढचा थर त्याला घट्ट धरत नाही, आणि त्याच्यावर दुसरा पत्रा वाढवतात: ती मदर. तिच्यावर सऱ्या सुलट, ती सुईखाली वाजवूनसुद्धा बघता येते. एखादा टिक्-टिक् करणारा कण सापडला तर कसबी माणूस भिंगाखाली कोरणीने तो काढतो. मदरवरून आणखी पत्रे वाढवायचे, ते स्टॅम्पर. प्रेसमध्ये बसतो तो स्टॅम्पर. एक स्टॅम्पर हजारभर तबकड्या काढतो, मग कंगोरे झिजतात आणि मदर पुन्हा टाकीत जाते. थोडाच माल हवा असेल तर मदरच्या भानगडीत न पडता फादरलाच प्रेसमध्ये घालतात. माल झाला की विषय संपला.

भाईंनी पोराला विचारलं, किती नग? शंभर म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आम्हां दोघांनाही तो आकडा कळतो. टूलिंगचा खर्च शंभरावर पसरला काय आणि हजारावर पसरला काय, टूलिंग तेवढंच. डायमेकरला आता उत्तर देता येईल: तो पोलादाचा डाय नाहीच, पाव मिलिमीटरची निकेलची साल आहे आणि तिच्या मागे प्रेसचं पोलाद. ती साल मागून घासून गुळगुळीत करतात, कारण मागचा खरखरीतपणा दाबाखाली पुढे उमटतो आणि घरघर होऊन ऐकू येतो. मधलं भोक सऱ्यांच्या मध्यावर नेमकं पाडावं लागतं. ते केसभर सरकलं तर लांबवलेला स्वर दर फेऱ्याला डुलतो.

हे काम भाई करू शकतील का? हाताला येईल. पण टाकी वेगळी लागेल, पाणी गाळून धूळमुक्त ठेवावं लागेल, आणि बांगड्यांच्या झुबक्याशेजारी ते व्हायचं नाही. शिवाय निकेलचं सांडपाणी. खाडी आपल्या गल्लीपासून किती लांब आहे हे आम्हाला माहीत आहे, प्रदूषण मंडळालाही.

२२ जून, रविवार

सुट्टी. पाऊस. सासऱ्यांची पेटी पूर्ण उघडली. वर एलपी, खाली अठ्ठ्याहत्तरच्या फेऱ्यांच्या जाड, जड रेकॉर्डी. एक फुटलेली निघाली. तिची मोडलेली कड उजेडात धरली तर आत काळं दगडी पीठ दिसतं. या लाखेच्या. पळस, बोर, कुसुम या झाडांवर किडा जो राळेसारखा थर घालतो ती लाख. छोटा नागपूरच्या जंगलातून ती जगभर जाई. तबकडीत ती थोडी, बाकी दगडाची भुकटी आणि काजळी. पूर्वी सुई पोलादाची असे, आणि ही दगडी भुकटी त्या सुईला घासून सरीच्या मापाची करी. म्हणूनच दर गाण्याला नवी सुई. लाखसुद्धा तापली की मऊ आणि निवली की कडक, म्हणजे वाफ आणि पाण्याची प्रेस तेव्हाही हवीच.

प्रेस इथे यायला वेळ लागला. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा रेकॉर्डिंग करणारा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आला, गौहर जानचं गाणं त्याने मेणाच्या थाळ्यांवर घेतलं. थाळ्या बोटीने जर्मनीला, हॅनोव्हरच्या कारखान्यात गेल्या, आणि तबकड्या होऊन परत आल्या. गौहर जान गाण्याच्या शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारते, त्याची लोक आज गंमत करतात. ती कारखान्याची सोय होती. हॅनोव्हरच्या माणसाला हिंदुस्थानी कळणार कसं, लेबल कुठलं चिकटवायचं? गाणारा स्वतःच डिलिव्हरी चलन वाचून दाखवत होता.

ग्रामोफोन कंपनीने कलकत्त्यात सियालदहला कारखाना काढला १९०८ मध्ये, पुढे दमदमला मोठा. देशातल्या कुत्रा छाप तबकड्यांचं माहेर तेच. मुंबईत गायचं, रेकॉर्ड बंगालमध्ये दाबायची, विकायची पुन्हा गिरगावात. पण मुंबईतही एक स्वदेशी प्रयत्न झाला आणि तो माझ्या आवडीचा आहे. नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी, १९३५ साली सुरू; कारखाना वडाळ्याला, लेबलचं नाव 'यंग इंडिया'. मोठे गवई एचएमव्हीकडे बांधलेले, म्हणून यांनी नवखे, हौशी गळे घेतले. १९५५ मध्ये कंपनी थांबली. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सचे सुरेश चांदवणकर यांनी त्या लेबलच्या तबकड्या आणि कागद जमवून त्यांचं डिजिटल जतन केलं, नाहीतर हे नावही राहिलं नसतं. पेटीत 'यंग इंडिया'ची एक आहे का म्हणून मी तळापर्यंत गेले. नाही.

दहा इंची अठ्ठ्याहत्तरवर एका बाजूला तीन, सव्वातीन मिनिटं मावतात. रंगभूमीवर बालगंधर्व एकेक पद वन्समोअर घेत किती वेळ आळवत, आणि तेच पद तबकडीत कोंबायचं तर! गवयांना तीन मिनिटांत आलाप, अंतरा, ताना उरकून समेवर यावं लागे. मला वाटतं, आपलं भावगीत याच मापात वाढलं. छोटी कविता, दोन-तीन कडवी, मध्ये वाद्यांचा तुकडा, संपलं. त्याला कवी आणि चालकार जेवढे कारण, तेवढाच हा दहा इंचांचा डाय. संगीताच्या जाणकारांना हे पटायचं नाही, पण मी रोज बघते: डायमध्ये जेवढी जागा, तेवढाच माल.

अमेरिकेत कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये बारीक सरीची, हळू फिरणारी व्हिनाइलची एलपी आणली आणि ते माप एकदम सहा-सातपट झालं. ख्यालाला पाय पसरायला जागा मिळाली.

२५ जून, बुधवार

पोरगा आता रोजच येतो. मिस्त्रींनी त्याला एका मुठीची फ्लॅश घासायला बसवलं, तर करंगळी भाजून घेतली. बर्फ दिला.

त्याला प्रेसचं उरलेलं सांगितलं, मिस्त्री ऐकत होते आणि मध्येमध्ये आमच्या भाषेत भर घालत होते. काळा दाणा एक्स्ट्रूडरमध्ये वितळून त्याचा जाडसर गोळा होतो, आइस हॉकीच्या चकतीएवढा. त्याच्या वर एक लेबल, खाली एक लेबल. लेबलला गोंद नसतो. प्लास्टिकच त्याला दाबाखाली धरतं. पण लेबल आधी भट्टीत सुकवावं लागतं. कागदात ओल राहिली तर वाफ होऊन लेबल फुगतं, फाटतं. (मिस्त्री: "पावडरीचे फोड.") मग प्रेस बंद, वाफ, दाणा मध्यापासून कडेपर्यंत पसरतो, सऱ्यांच्या तळापर्यंत पोचतो. जिथे पोचत नाही तिथे वाजवताना फर्र असा आवाज येतो. ("शॉर्ट मारला.") मग पाणी, प्रेस उघड, कडेला निघालेला जादा माल फिरत्या पात्याने कापायचा. ("फ्लॅश.") तो दळून पुन्हा वापरता येतो, पण त्यात लेबलच्या कागदाचा कण गेला तर सरीत बसून कटकट करतो. शेवटी तबकड्या सपाट पत्र्यांच्या मध्ये रचून निवू द्यायच्या. घाई केली की वाकड्या. ("हे तर झाकणांचंही.")

पहिले काही नग फेकायचेच. मग निघते ती टेस्ट प्रेसिंग, पांढऱ्या लेबलची. ती गाणाऱ्याने स्वतः बसून दोन्ही बाजू पूर्ण ऐकून पास करायची, त्यानंतरच पुढचा माल.

पोराने विचारलं, एकशेऐंशी ग्रॅमची जाड रेकॉर्ड करू का, भारी वाजते म्हणतात. मी नाही म्हटलं. सरी तेवढीच खोल. खाली प्लास्टिक जास्त घातल्याने गाणं सुधारत नाही. फार तर तबकडी जरा कमी वाकेल. नेहमीची एकशेचाळीसची पुरे. जड वस्तूला गिऱ्हाईक जास्त पैसे देतं हे मात्र खरं. जाड बुडाच्या कढया आमच्याच गल्लीतून जातात.

आणि त्याचं काम कुठे होणार तेही सापडलं. कॅसेट आणि मग सीडी आल्यावर दमदमच्या प्रेस थांबल्या. त्यानंतर कित्येक वर्षं इथल्या कंपन्या रेकॉर्डी युरोपातून दाबून आणत. गेल्या वर्षी, २०२४ मध्ये, साजी पिल्लई यांच्या समन्वी डिजिमीडियाने मुंबईत पुन्हा प्रेस लावली आहे. म्हणजे पोराला बोटीची वाट बघायला नको. शंभरचे तीनशे कर, असं मी त्याला सांगितलं, आणि आधी मित्रांकडून पैसे घे, मग ऑर्डर दे.

२७ जून, शुक्रवार

आज गाण्यांच्या क्रमावरून आमच्या गाळ्यात जी जुंपली ती लिहून ठेवते.

अल्बमची पहिली बाजू सत्तावीस मिनिटं भरते. एवढं एका बाजूला बसवायचं तर सऱ्या चिकटून घ्याव्या लागतात, म्हणजे झोका लहान, म्हणजे सगळंच हळू. आणि हळू आवाजात तबकडीची खरखर वर येते. अठरा ते वीस मिनिटं असतील तर कापणाऱ्याला हात मोकळा मिळतो. एक गाणं काढ म्हटलं. पोराचा चेहरा असा झाला की पोटचं मूल मागितलं.

मग त्याला वेगाचा हिशेब दाखवला. तबकडी एकाच गतीने फिरते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला पन्नासेक सेंटिमीटर सरी जाते आणि लेबलजवळ वीस-बावीस. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत लिहायचा. आत आत जाताना उंच स्वर चुरगळतात. 'स', 'श' थुंकल्यासारखे ऐकू येतात. म्हणून जोरकस गाणी बाहेर, शांत गाणी आत. त्याचं दर बाजूचं शेवटचं गाणं सगळ्यात धडाक्याचं, ढोल-ताशा आणि वर 'श'कारांची फैर.

"ते शेवटीच हवं, काकू. सगळं तिथपर्यंत चढत जातं."

"चढेल. आणि शेवटी फाटेल."

डायमेकर चहाला वर आला होता. त्याने त्याच्या धंद्यातला सल्ला दिला: ढोलाला जागा जास्त लागते ना, मग ढोल काढा. मिस्त्री भडकले. त्यांना तेच एक गाणं आवडलंय, मोबाइलवर तीनदा ऐकलंय; काढायचं तर ते बायकोवरचं रडकं गाणं काढा, साडेसहा मिनिटं नुसता उसासा. पोरगा म्हणाला ते बायकोवर नाही, मिठागरांवर आहे. मिस्त्री म्हणाले मग तर काढाच. मी म्हटलं, ते रडकं गाणं मऊ आहे, आत बसायला तेच सगळ्यात लायक. ढोल पहिला घ्या, म्हणजे सुई टेकली की गल्ली जागी होईल. पोरगा म्हणाला, कथेचा शेवट पहिला आणि सुरुवात शेवटी असा अल्बम कोण काढतं?

मग त्याला एक तोड सुचली. दोन तबकड्या काढू, चार बाजू, प्रत्येक बाजूला निवांत बारा-तेरा मिनिटं, कुणाला काढायला नको. मी कागद ओढला: चार लॅकर, चार वेळा टाकी, चार स्टॅम्पर, दाणा दुप्पट, लेबलं दुप्पट, कव्हर उघडणारं. बेरीज त्याच्यासमोर ठेवली. त्याने ती बराच वेळ पाहिली, कागद घडी करून खिशात घातला, आणि मिस्त्रींना म्हणाला, ढोलाचं गाणं चार मिनिटांत बसवून दाखवतो, मग तर झालं? मिस्त्री म्हणाले, कमी कर हवं तर, पण ताशा माझ्यासमोर काप.